शॅटरची कुळकथा

अंशुमन हर्डीकरांना सव्वीस वर्षं वस्तू खाली टाकण्याचा पगार मिळाला. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात ते पॅकेजिंग तपासायचे. खोक्यात काचेचं सामान भरायचं, खोकं चार फुटांवरून काँक्रीटवर सोडायचं, मग उघडून बघायचं आत काय उरलंय. सामान शाबूत असेल तर खोक्यावर 'शॅटरप्रूफ'चं लेबल, नसेल तर सगळं कचऱ्यात. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण हर्डीकर सांगताना "मी मटेरियल्समध्ये होतो" असं सांगायचे, आणि तेही अशा खालच्या आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, युरेनियम असणार.

निवृत्त झाल्यावर टाकायला खोकी उरली नाहीत, तेव्हा ते शब्द टाकायला लागले. वॉटफर्डच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला एक इंग्रजी शब्द. अर्थ, उपयोग, उत्पत्ती. अर्थ आणि उपयोग डिक्शनरीतून उचललेले, उत्पत्ती मात्र घरची. संस्कृतातून आलेला नाही असा एकही इंग्रजी शब्द त्यांना आजवर भेटला नव्हता. 'वीकएंड'लाही त्यांनी सोडलं नव्हतं. लोक हात जोडल्याची खूण टाकायचे आणि ग्रुप म्यूट करायचे. हर्डीकर रात्री जेवताना बायकोला सांगायचे, "आज बावीस जणांनी हात जोडले."

"सुटका कर म्हणून जोडत असतील," मंजिरी म्हणायची.

अशा माणसाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा कुश, एकतीस वर्षांचा, दातांचा डॉक्टर. मुलगी शिरा पेणकर, ईलिंगची. पेणकर म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. शिराच्या पिढीचं मराठी 'बस' आणि 'चल' एवढ्यावर भागत होतं, शिराचं तेवढं कुशच्या संगतीने जरा पुढे गेलेलं, पण तिचे आजोबा लेव्ही पेणकर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. साठ वर्षांपूर्वी भायखळ्याहून येताना जे मराठी बरोबर आणलं, ते त्यांनी अजून धुवायला टाकलं नव्हतं. शिराची आई जेमिमा एका मोठ्या डिक्शनरीच्या ऑफिसात संपादक होती. हे कळल्यावर हर्डीकर म्हणाले, "अरे वा! म्हणजे आपण एकाच लाइनीतले."

जेमिमा नुसती हसली. तिला अशी माणसं आठवड्याला चार-पाच भेटायची, पण पत्राने.

लग्नाची बोलणी ईलिंगला पेणकरांच्या घरी झाली. रविवारी सकाळी सप्तपदी, दुपारी हुप्पा, म्हणजे चार काठ्यांवर धरलेल्या छताखाली त्यांचे विधी.

"आणि शेवटी," लेव्हीआजोबा म्हणाले, "नवऱ्याने पायाने ग्लास फोडायचा. सगळे मझल तोव म्हणणार, म्हणजे अभिनंदन. मग जेवण."

हर्डीकरांच्या हातातलं भजं चटणीत पडलं. "फोडायचा? लग्नात?"

"मग काय तेराव्याला?"

"नाही, म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे काय, नेम धरून! आमचं देऊळ पाडलं होतं ना जेरुसलेमचं. आनंदाच्या दिवशी पण ते विसरायचं नाय, म्हणून फोडायचा."

"ब्यूटिफुल," हर्डीकर म्हणाले. "फार सिम्बॉलिक." आणि चटणीतलं भजं शोधायला खाली बघत बसले ते बराच वेळ वर आले नाहीत.

जेमिमाच्या मांडीवर लॅपटॉप होता. त्यात शेहेचाळीस कामांची यादी होती. "अंशुमनराव, तुम्हाला सोपं काम देते. ग्लास तुम्ही आणा. साधा, पातळ काचेचा. आणि गुंडाळायला एक नॅपकिन."

"आणि माझं भाषण?"

"कसलं भाषण?"

"वरपित्याचं. ग्लासच्या आधी. मी 'शॅटर' या शब्दावर बोलीन म्हणतो. अर्थ, उपयोग, उत्पत्ती. पंचवीस मिनिटं."

"पाच."

"पंधरा?"

"पाच, अंशुमनराव. लोक उभे असतात."

परत जाताना गाडी मंजिरी चालवत होती, कारण हर्डीकरांना बोलताना दोन्ही हात लागायचे. पण त्या दिवशी हॅरो मागे पडेपर्यंत दोन्ही हात मांडीवरच होते.

"तुला माहितीये, मी शकुन-अपशकुन मानत नाही," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मी सायंटिफिक माणूस आहे."

"हो."

"पण उगाच कशाला?"

मंजिरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या 'उगाच कशाला'च्या मागे काय आहे ते तिला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलीचं, अन्वीचं लग्न झालं. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना केटररच्या हातातून ट्रे निसटला आणि चोवीस ग्लास एकदम फुटले. चौदा महिन्यांनी अन्वी दोन सुटकेसेस घेऊन परत आली. हर्डीकर तिला एका शब्दाने काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांच्या घरात काहीही फुटायचं बंद झालं. बांगडीला आणि नारळाला 'वाढला' म्हणायची पद्धत असतेच, पण हर्डीकरांकडे चहाचा कपही वाढायचा. एकदा बाथरूमचं सिंक वाढलं. प्लंबरला ते समजावून सांगण्यात मंजिरीची अर्धी सकाळ गेली.

आता कुशच्या लग्नात स्वतःच्या हाताने ग्लास नेऊन द्यायचा आणि तो स्वतःच्या मुलाने फोडायचा! हर्डीकरांना झोप येईना. ग्लास फुटता कामा नये, एवढं नक्की होतं. आणि 'शॅटर'वरचं भाषणही झालंच पाहिजे, हेही तितकंच नक्की होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसल्यात, हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं.

पुढच्या शनिवारी दुपारी ते गॅरेजमध्ये शिरले. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने त्यांना आठवण म्हणून एक ग्लास दिला होता. शाळेच्या कँटीनसाठी बनवलेला, जाड, टफन्ड काचेचा. हर्डीकरांनी तो आपल्या हाताने सोळा वेळा काँक्रीटवर टाकला होता आणि सोळाही वेळा तो हसत उभा राहिला होता. हा ग्लास नॅपकिनमध्ये जाईल. कुश पाय मारेल. लोक आरडाओरडा करतील. नॅपकिन कोण उघडून बघतोय!

प्रश्न फक्त आवाजाचा होता. ग्लास फुटणार नाही, पण फुटल्याचा आवाज तर यायला हवा.

हर्डीकरांनी कामावरचा जुना फॉर्म काढला. नमुना, दाब, निकाल. पापडाने 'चुर्र' असा दीनवाणा आवाज काढला. नापास. चकलीचा आवाज चकलीसारखाच आला. नापास. मग त्यांच्या हाताला मंजिरीच्या बहिणीने नाशिकहून पाठवलेली कुरडयांची पिशवी लागली. गव्हाच्या चिकाच्या, कडकडीत वाळलेल्या, न तळलेल्या कुरडया. चार कुरडया ग्लासभोवती लावल्या, वर नॅपकिन गुंडाळला, आणि बुटाची टाच दिली.

हर्डीकरांच्या अंगावर काटा आला. डोळे मिटले असते तर झुंबर कोसळलं म्हणाले असते.

"अहो, माझ्या कुरडया कुठायत?" मंजिरी दारात उभी होती.

"साउंड टेस्ट करतोय. भाषणासाठी."

मंजिरीने जमिनीवरचा चुरा पाहिला, नवऱ्याच्या पायातला लग्नाचा बूट पाहिला, आणि दार लावून घेतलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने एवढं एकच शास्त्र शिकून घेतलं होतं.

जूनमधला रविवार. ईलिंगचा हॉल, दीडशे माणसं. सकाळी सप्तपदी निर्विघ्न पार पडली. दुपारी हुप्पा उभा राहिला. चार काठ्या चार जणांनी धरल्या, त्यात पुढची एक कुशचा मित्र राज याने. लेव्हीआजोबांनी कापऱ्या आवाजात आशीर्वाद म्हटले. मंजिरीसुद्धा डोळे पुसत होती. आणि मग हर्डीकरांनी माईक हातात घेतला.

"लेडीज अँड जंटलमेन. शॅटर! अर्थ: फुटणे, तुकडे तुकडे होणे. उपयोग: इंग्रज माणूस साडेपाचला घरी येतो आणि म्हणतो, आय ॲम शॅटर्ड. दिवसभर काय केलं विचाराल तर दोन मीटिंगा आणि सहा चहा."

कुशचे इंग्रज मित्र सभ्यपणे हसले. तेवढं पुरे झालं. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची एकोणीस. काठ्या धरणाऱ्यांचे हात भरून आले, छत मधोमध खाली आलं.

"आता उत्पत्ती! शत म्हणजे शंभर. शतधा म्हणजे शंभर तुकड्यांत. शतधा, शतधा, शतर, शॅटर!" माईक किंचाळला. "तेव्हा मंडळी, आता माझा मुलगा या शब्दाचा अर्थ तुम्हाला प्रत्यक्ष ऐकवील. पण टाळ्या नकोत, ओरडू नका. पूर्ण शांतता. फक्त कान द्या!"

हे वाक्य कागदावर नव्हतं. आयत्या वेळी, मोहाने आलं. गॅरेजमधला सगळा बेत लोकांच्या आरडाओरड्यावर उभा होता, आणि हर्डीकरांनी आपल्या हाताने दीडशे माणसं चिडीचूप केली. स्वतःचा आवाज ऐकण्याची इतकी सवय झालेला माणूस बेत कुठे लक्षात ठेवणार?

कुशने पाय उचलला आणि दाणकन आपटला.

कुरडयांनी जीव ओतला. असा आवाज झाला, की पुढच्या रांगेतल्या दोघी दचकल्या. अर्ध्या सेकंदापुरते हर्डीकर या पृथ्वीतलावरचे सर्वांत सुखी बाप होते. दुसऱ्या अर्ध्या सेकंदात तो गोल, गुळगुळीत, टफन्ड ग्लास नॅपकिनमधून निसटून कुशच्या टाचेखालून सटकला. कुशने आधाराला राजची काठी धरली. राजचा हात एकोणीस मिनिटांत आधीच मेला होता. काठी सुटली, छत कलंडलं आणि सरळ हर्डीकरांच्या डोक्यावर, माईकसकट येऊन बसलं. ग्लास गडगडत गेला, लेव्हीआजोबांच्या चालायच्या काठीला ठक करून लागला आणि थांबला. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"नाय फुटला," आजोबा म्हणाले. "परत मार."

कुशने परत मारला. ग्लास उडून खुर्चीखाली गेला. परत आणला. कुशचे मित्र आता मोजायला लागले. "थ्री! फोर!"

"बाबा, हा काच तुटतच नाही!" कुश ओरडला, आणि पाचव्या वेळी सगळं अंग टाकून पाय आपटला. बुटाची टाच निघाली, घोटा मुरगळला, आणि नवरदेव "आई गं" म्हणत खालीच बसला.

जेमिमाने ग्लास उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बुडावर कोरलेलं वाचलं. दिवसभर शब्द वाचणाऱ्या बाईच्या सपाट आवाजात.

"शॅटरप्रूफ."

दीडशे माणसांचं नेमक्या याच शब्दाचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालं होतं. कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. हॉल खदखदून हसला.

तोवर लेव्हीआजोबांनी नॅपकिन उघडला होता. त्यांनी चुऱ्यातला एक तुकडा उचलला, उजेडात धरला, मग जिभेवर ठेवला.

"ही काच नाय. ही कुरडई हाय." थोडं चावून ते म्हणाले, "आणि चांगली हाय."

"माझ्या कुरडया!" मंजिरी म्हणाली.

छताच्या कापडाखालून हर्डीकरांचा आवाज आला. "हेल्थ अँड सेफ्टी! मुलाच्या पायाला लागू नये म्हणून..." मुलगा समोरच सुजलेला पाय धरून बसला होता, त्यामुळे ते वाक्य पुढे गेलं नाही.

जेमिमाने त्यांच्या डोक्यावरचं कापड बाजूला केलं. "आणि अंशुमनराव, निघालाच आहे विषय म्हणून सांगते. शॅटर शतधावरून नाही आलेला. तो बहुतेक स्कॅटरचा भाऊ. जुन्या काळी नुसतं विखरून टाकण्याला म्हणायचे. फुटणं मागाहून आलं."

"विखरणं आम्हाला ठाऊक हाय," आजोबा कुरडई चावत म्हणाले. "दोन हजार वर्षं तेच केलं."

"म्हणजे माझ्या म्हणण्याला विरोध नाही," हर्डीकर म्हणाले. "शंभर तुकडे झाले की ते विखुरणारच."

हे ऐकल्यावर मात्र अन्वी गर्दीतून पुढे आली. ती हसत नव्हती. तिने बापाच्या हातातून माईक काढून घेतला, बंद केला आणि हळू आवाजात म्हणाली, "तो ट्रे ना?"

"कुठला ट्रे?"

"बाबा."

हर्डीकर कुरडयांचा चुरा बोटांनी गोळा करायला लागले.

"तुम्हाला खरंच वाटतं, ग्लास फुटले म्हणून माझं लग्न मोडलं?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाही. पण सहा वर्षं घरात कप पडला तरी तुम्ही कपाकडे बघत नाही, माझ्याकडे बघता. आय ॲम नॉट अ कप, बाबा."

एरवी अशा वाक्याला हर्डीकरांनी किमान तीन उत्तरं दिली असती. आता त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं, गोदामातल्या खोक्यासारखं. आत काही शाबूत उरलेलं दिसलं नाही.

अन्वीने जेवणाच्या टेबलावरून एक वाइनचा ग्लास आणला. उंच दांड्याचा, कागदासारखा पातळ. "हा तुम्ही गुंडाळा. तुमच्या हाताने. आणि तुम्हीच ठेवा."

"कुशचा पाय..."

"मी फोडते," शिरा म्हणाली. तिने पैठणीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलल्या. खाली पांढरे ट्रेनर्सचे बूट होते.

सगळ्यांनी लेव्हीआजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खांदे उडवले. "नवऱ्याचा पाय कामातून गेला. नवरी मारेल. मला भूक लागलीय."

हर्डीकर गुडघ्यांवर बसले. सवयीने त्यांनी ग्लासच्या काठावर टिचकी मारली. बारीक, लांब आवाज घुमला. एक मिलिमीटर, फार तर सव्वा. हा सहा इंचावरूनही वाचणार नाही, हे जगात त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. ते नॅपकिन गुंडाळायला लागले. एक घडी, दुसरी, तिसरी, कोपरे आत, जसं सव्वीस वर्षं गुंडाळलं तसं.

"एकच घडी, अंशुमनराव," जेमिमा म्हणाली.

त्यांनी घड्या सोडवल्या. पुडकं शिराच्या पायापुढे ठेवलं. पण हात वर घेतला नाही.

"बाबा, हात," शिरा म्हणाली.

"हो."

हात तिथेच.

"बाबा, हात हलवा ना. मी पाय खाली आणते हं."

"हो, हो. आण तू."

हात तिथेच. कापडाखाली ग्लासचा काठ हाताला लागत होता. मागे कुणी हसत होतं ते थांबलं. शेवटी अन्वी त्यांच्या शेजारी खाली बसली, त्यांचं मनगट धरून उचललं आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवलं.

शिराने पाय आपटला.

आवाज कुरडईइतका चांगला नव्हता. एवढासा, कोरडा, लगेच संपला. "मझल तोव!" सगळे ओरडले, आणि आजोबा त्याच दमात जेवणाच्या टेबलाकडे वळले.

हर्डीकर तसेच बसून राहिले. छत पडलं नाही, ते आधीच पडलेलं होतं. दिवे चालू होते. त्यांनी घड्याळात पाहिलं. चाळीस सेकंद झाले असतील नसतील, खुर्चीवर बसवलेल्या कुशचा आवाज चढला. त्याच्या घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी होती.

"कुणी सांगितलं त्यांना ग्लास आणायला? तुझ्याच आईने!"

"आणि तू चेक नाही केला? तुझा बाबा आहे, माझा नाही!"

"आता तुझा पण आहे! सकाळपासून!"

"मग रिटर्न कर!"

हर्डीकरांनी अन्वीचा हात घट्ट धरला. "बघितलंस? सुरू झालं."

"भांडू देत," अन्वी म्हणाली. "आम्ही चौदा महिन्यांत एकदा पण नाही भांडलो. मी काही बोलली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, काय गोड जोडी आहे, आवाज नाही घरात." ती उठली आणि साडीवरचा चुरा झटकला. "त्या ट्रेचा यात काही संबंधच नव्हता, बाबा."

हर्डीकरांनी खुर्चीकडे पाहिलं. कुशने मटारची पिशवी शिराच्या दिशेने फेकली होती, शिराने ती झेलून पुन्हा त्याच्या घोट्यावर दाबली होती, जरा जास्तच जोरात, आणि तो कळवळत हसत होता.

"बाबांनाच विचार," शिरा वळून म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगा, चूक कोणाची?"

हर्डीकर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "चूक हा शब्द मुळात..."

"बाबा!" कुश, शिरा आणि अन्वी एकदम ओरडले.

हर्डीकर थांबले. मग म्हणाले, "माझी." इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की जेमिमाला पुन्हा विचारावं लागलं. खरं तर पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं तिला, पण तिने दोनदा विचारलं.